गच्चीवरची टाकी, मोटर आणि संगणक : प्रणाली-संशोधनाची सुरुवात करणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत तिसऱ्या वर्षाच्या सुमारास काही मुलामुलींना एक वेगळी ओढ लागते. सुट्या यंत्रात किंवा सुट्या प्रोग्रॅममध्ये त्यांचं मन रमत नाही. चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या की त्यातून जे वागणं उभं राहतं, ते त्यांना समजून घ्यायचं असतं. अशी मुलं भेटायला आली की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "सर, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" सॉफ्टवेअरचा नंबर बराच उशिरा लागतो. त्याआधी काय करायचं हे दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

ज्या क्षेत्राबद्दल बोलतोय त्याला संगणक-साहाय्यित प्रणाली-सिद्धान्त म्हणतात. 'कॅड' म्हणजे संगणकाच्या मदतीने आराखडे काढणं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच चालीवर ऑस्ट्रियातल्या लिंट्झ विद्यापीठातले फ्रान्झ पिख्लर यांनी १९८०च्या दशकात 'कास्ट' हे नाव रूढ केलं. प्रणाली-सिद्धान्त त्याआधीचा. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली सायबरनेटिक्सची, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांतल्या नियंत्रणाच्या व संदेशवहनाच्या शास्त्राची मांडणी केली, लुडविग फॉन बर्टालान्फी यांनी जीवशास्त्राच्या बाजूने सर्वसाधारण प्रणालींचा विचार मांडला, रुडॉल्फ काल्मन यांनी १९६०च्या आसपास 'अवस्था' ही कल्पना नियंत्रणशास्त्राच्या मध्यभागी आणून बसवली. हे सगळं कागदावर होतं. पिख्लर यांचं म्हणणं असं की एकच प्रणाली अनेक रूपांत लिहिता येते. कधी समीकरण म्हणून, कधी अवस्थायंत्र म्हणून, म्हणजे मोजक्या अवस्था आणि एकीतून दुसरीत जाण्याचे नियम म्हणून, कधी जोडलेल्या ठोकळ्यांचं जाळं म्हणून. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्याचे नियम सिद्धान्ताने दिलेले आहेतच. मग हे रूपांतर करायला संगणक हाताशी का घेऊ नये? लिंट्झमध्ये त्यांनी अवस्थायंत्रांवर असं काम करणारं एक साधनही घडवलं.

माझ्या मते या क्षेत्राचा गाभा एवढाच आहे, आणि नवशिक्याच्या हातून नेमका तोच निसटतो. मुलं एक रूप शिकतात आणि जन्मभर तेच वापरतात. प्रश्नाला कुठलं रूप शोभतं हे ओळखता येणं म्हणजे या विषयात पाय रोवणं. ते शिकायला लांब जायला नको, आपल्या सोसायटीची गच्ची पुरते.

पहिली पायरी : प्रश्न असा लिहा की उत्तर आकड्यात यावं

"पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास" हा प्रश्न नाही, ते फायलीवरचं नाव झालं. "वाहतूक कोंडीचं मॉडेल" हेही तसंच. प्रश्न लिहिताना दोन गोष्टी तपासा. उत्तर मिळाल्यावर कोणी तरी काही तरी वेगळं करणार आहे का? आणि उत्तर चुकीचं निघालं तर ते कळेल का?

आपला प्रश्न असा घेऊ : चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत गच्चीवर १०,००० लिटरची टाकी आहे. खालच्या टाकीतून मोटर पाणी वर चढवते. पाणी ठरावीक खुणेला पोहोचलं की वॉचमनने मोटर बंद करायची. पण तो गेटवर असतो, कुणाची गाडी आत घेत असतो, कुणाचं पार्सल घेत असतो, त्यामुळे त्याला यायला २० मिनिटंही लागू शकतात. तर 'बंद कर' असा इशारा कितव्या लिटरला द्यावा, म्हणजे टाकी कधीच वाहणार नाही?

हा प्रश्न कुणाला किरकोळ वाटेल. एप्रिल-मेमध्ये टँकरचे पैसे भरलेल्या आणि त्याच आठवड्यात गच्चीवरून पाणी भिंतीवर ओघळताना पाहिलेल्या माणसाला तो तसा वाटत नाही.

दुसरी पायरी : सीमा आखा

प्रणाली जगात आयती पडलेली नसते, आपण तिच्याभोवती रेघ ओढतो. आत काय आणि बाहेर काय हे प्रश्न ठरवतो. टाकी आत, मोटर आत. रहिवाशांचा वापर बाहेर, कारण तो टाकीवर परिणाम करतो पण टाकीतली पातळी सहसा त्याच्यावर परिणाम करत नाही. नळ सोडताना वर किती पाणी आहे हे कोण बघतं? महापालिकेचा पुरवठाही बाहेर, खालची टाकी पुरेशी भरलेली असेपर्यंत. ती रिकामी पडू लागली की ही सीमा मोडते आणि खालची टाकी आत घ्यावी लागते.

आणि वॉचमन? तो आतच. मी हे काम करायला दिलं की निम्म्याहून जास्त मुलं त्याला बाहेर ठेवतात, कारण माणसाचं समीकरण लिहायचं कसं हे त्यांना सुचत नाही. पण या प्रश्नात सगळी गंमत त्याच्या उशिरात आहे. त्याला वगळलं तर उरतं ते अकरावीचं गणित. माणसाचा स्वभाव मॉडेलमध्ये आणायची गरज नाही, त्याचा उशीर आणला की पुरे. दोन आठवडे त्याच्याजवळ एक वही ठेवा : इशारा किती वाजता मिळाला, मोटर किती वाजता बंद झाली. ही वही त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाही हे त्याला आणि सेक्रेटरींना आधी स्पष्ट सांगा, आणि तो शब्द पाळा. ज्यांच्या वागण्यावर आपलं संशोधन उभं राहतं त्यांना अंधारात ठेवून गोळा केलेले आकडे कुठल्याही निबंधात घालू नयेत.

तिसरी पायरी : अवस्था शोधा

इथे थोडं थांबायला हवं.

अवस्था म्हणजे आत्ता या क्षणी एवढं ठाऊक असलं की पुढचं सांगायला मागचा इतिहास लागत नाही, अशी माहिती. कमीत कमी, पण पुरेशी. टाकीची अवस्था विचारली की सगळे म्हणतात, "पातळी." मी विचारतो, "पातळी ६,००० लिटर आहे. पाच मिनिटांनी किती असेल?" मग शांतता होते. कारण ६,००० लिटरला पाणी चढतही असू शकतं आणि उतरतही. ते मोटर चालू आहे की बंद यावर ठरतं. म्हणजे अवस्था दोन भागांची झाली : पातळी आणि मोटर.

पण मोटरची स्थिती वेगळी का लक्षात ठेवावी लागते? कारण मोटरसाठी आपण टाकीवर दोन खुणा धरू. ४,००० ला चालू, ९,००० ला बंद. एकच खूण ठेवून बघा, समजा ८,०००. पाणी त्याखाली गेलं की मोटर चालू, वर आलं की लगेच बंद, पुन्हा एक बादली वापरली की चालू. मोटर अशी चालू-बंद होत राहिली तर तिचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, लवकर जळू शकते. म्हणून दोन खुणांमध्ये अंतर ठेवतात. त्या अंतरात मोटर 'आधी जे करत होती तेच' करत राहते, म्हणजे प्रणालीला स्मरण येतं. घरच्या फ्रिजमधला थर्मोस्टॅट असाच वागतो. स्मरण जिथे जिथे आहे, तिथे तिथे अवस्थेत एक घटक वाढतो.

आता वॉचमनला घ्या. इशारा मिळाला आहे, तो वाटेत आहे. पातळी ९,२००, मोटर चालू. पुढच्या पाच मिनिटांत काय होईल? तो किती मिनिटांपूर्वी निघाला हे माहीत नसेल तर सांगता येणार नाही. अवस्थेत तिसरा घटक आला : इशारा मिळून झालेला वेळ. उशीर असलेल्या प्रणाली अवघड का असतात याचं उत्तर इथेच आहे. उशीर नुसता आकडा नसतो, तो अवस्था मोठी करतो.

चौथी पायरी : एकच टाकी तीन रूपांत लिहा

पहिलं रूप, हिशेबाचं. पुढच्या मिनिटाची पातळी = आत्ताची पातळी + मोटरने चढवलेलं − वापरलं गेलेलं. आकडे घालू. चाळीस फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे १६० जण. शहरी पुरवठ्यासाठी वापरला जाणारा माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरला तर दिवसाची गरज २१,६०० लिटर. सकाळी ६ ते ९ या तीन तासांत त्यातलं ४० टक्के जातं असं धरू, म्हणजे ८,६४० लिटर, मिनिटाला ४८. मोटर मिनिटाला २०० लिटर चढवते. सकाळी मोटर चालू असताना पातळी मिनिटाला १५२ लिटरने वाढते, बंद असताना ४८ ने घटते. ४,००० पासून ९,००० पर्यंत चढायला ३३ मिनिटं, परत उतरायला १०४ मिनिटं.

आता वॉचमन २० मिनिटं उशिरा आला. या वेळात ३,०४० लिटर वाढ. ९,००० वर ३,०४० म्हणजे १२,०४०. टाकी १०,००० ची, तेव्हा २,०४० लिटर गच्चीवरून वाहून गेलं. इशारा ६,९६० ला दिला असता तर वाहिलं नसतं. बरीच मुलं इथे उत्तर लिहून मोकळी होतात.

पण हे सकाळचं उत्तर झालं. मध्यरात्री वापर जवळजवळ शून्य असतो, पातळी मिनिटाला २०० ने चढते, वीस मिनिटांत ४,०००. म्हणजे इशारा ६,००० लाच द्यायला हवा. टाकी वाहण्याचा धोका पाण्याच्या गर्दीच्या वेळी नसून सगळे झोपलेले असताना आहे. पहिल्यांदा हे कागदावर उतरलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मॉडेलने आपल्याला असं काही सांगितलं पाहिजे जे आपण आधी धरून चाललो नव्हतो. तसं झालं की ते करण्याचं सार्थक झालं.

या रूपात एक सापळा आहे, त्यात प्रत्येक जण एकदा पडतो. संगणकावर हिशेब करताना वेळेचं पाऊल किती मोठं घ्यायचं? एका विद्यार्थिनीने एक तासाचं पाऊल घेतलं होतं. ४,००० ला मोटर चालू, आणि पुढची नोंद थेट तासाभराने : ४,००० अधिक ९,१२०, म्हणजे १३,१२०. तिच्या मॉडेलमध्ये टाकी दर वेळी वाहत होती. खऱ्या टाकीतून थेंबही सांडत नाही आणि संगणकातली ओसंडून वाहतेय! तिने दोन दिवस वॉचमनच्या नोंदींत चूक शोधली, चूक पावलात होती. नियम सोपा आहे : पाऊल निम्मं करून पुन्हा चालवा. उत्तर बदललं तर पाऊल मोठं आहे. बदलायचं थांबेपर्यंत निम्मं करत राहा आणि हे केल्याचं निबंधात लिहा.

दुसरं रूप, अवस्थायंत्राचं. इथे लिटर विसरायचे. वॉचमनच्या जागी दोन सेन्सर बसवू, एक खाली, एक वर. प्रत्येक ओला किंवा कोरडा. दोन्ही कोरडे : मोटर चालू करा. दोन्ही ओले : बंद करा. खालचा ओला, वरचा कोरडा : जसं चाललंय तसं राहू द्या. राहिलं काय? वरचा ओला आणि खालचा कोरडा. पाणी असं उभं राहूच शकत नाही, म्हणजे सेन्सर बिघडला आहे. तेव्हा मोटर बंद करून घंटी वाजवायची. हिशेबाच्या रूपात ही चौथी शक्यता कुणाला दिसली असती? तिथे पातळी हा एकच आकडा आहे, तो एकाच वेळी वर आणि खाली असू शकत नाही. रूप बदललं म्हणून बिघाड दिसला.

यात मोटरच्या चालू-बंद अशा दोन स्थिती आणि खालच्या टाकीचा एक सेन्सर मिळवा, एकूण १६ परिस्थिती होतात. सोळाच्या सोळा वहीत मांडा आणि प्रत्येकीत विचारा : खालची टाकी कोरडी असताना मोटर चालू राहू शकते का? हाताने जमतं. पण असे चालू-बंद घटक दहा झाले की १,०२४ परिस्थिती आणि वीस झाले की १०,४८,५७६. इथे संगणक अपरिहार्य होतो. प्रत्येक परिस्थिती तपासून 'अमुक वाईट गोष्ट कधीच घडणार नाही' हे सिद्ध करणारी साधनं आहेत. सिद्धान्त आणखी एक मदत करतो. दोन अवस्थांपासून पुढे काहीही घडलं तरी बाहेरून दिसणारं वागणं सारखंच असेल, तर त्या दोन्ही एकच समजता येतात. अशा जोड्या शोधून यंत्र लहान करणं हे अगदी यांत्रिक काम आहे, म्हणून ते संगणकाने करावं.

या रूपाची मर्यादाही ध्यानात ठेवा. 'कधीच नाही' हे अवस्थायंत्र छातीठोकपणे सांगतं, पण 'किती लिटर वाहिलं' विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नाही, कारण लिटर आपणच टाकून दिले.

तिसरं रूप, घटनांचं. सकाळच्या त्या १३७ मिनिटांच्या फेऱ्यात खरं पाहता दोनच घटना घडतात : मोटर चालू झाली, मोटर बंद झाली. मधल्या काळात सगळं सरळ रेषेत चालतं. सेकंदासेकंदाला हिशेब केला तर ८,२२० वेळा तीच बेरीज-वजाबाकी. त्याऐवजी पुढची घटना केव्हा हे काढून थेट तिथे उडी मारता येते. बर्नार्ड झाइगलर यांनी १९७६ साली या पद्धतीला पक्कं गणिती रूप दिलं, ते 'डेव्हज' या नावाने ओळखलं जातं. त्याची ताकद अशी की एका टाकीचं मॉडेल बनवलं की अशा अनेक टाक्या जोडून केलेलं जाळंही त्याच नियमांनी वागतं. चाळीस फ्लॅटची एक सोसायटी झाली की दहा सोसायट्यांचा प्रकल्प त्याच विटांनी बांधता येतो.

या तीन रूपांचं एक पान तयार करा. डावीकडे रूप, मध्ये त्याने काय दिसलं, उजवीकडे त्यात काय हरवलं. माझ्याकडे प्रकल्प करणाऱ्या प्रत्येकाला मी हे पान भिंतीवर लावायला सांगतो.

पाचवी पायरी : मॉडेलला खोटं पाडायचा प्रयत्न करा

मॉडेल चाललं, आलेख सुंदर आला, इथे थांबू नका. आधी टोकाच्या परीक्षा घ्या. वापर शून्य केला तर टाकी भरतेच ना? मोटर बंद ठेवली तर पातळी शून्याखाली जात नाही ना? आत आलेलं पाणी वजा बाहेर गेलेलं पाणी बरोबर साठ्यातला फरक, हा ताळा दर पावलाला जुळतो का? हसू येण्याइतक्या साध्या परीक्षा आहेत, आणि सर्वांत जास्त चुका यांतच सापडतात.

मग खऱ्या नोंदींशी तुलना. दोन आठवड्यांच्या नोंदी असतील तर पहिल्या आठवड्यावर मॉडेल बसवा आणि दुसऱ्यावर तपासा. ज्या आकड्यांवर बसवलं त्याच आकड्यांवर तपासून 'जुळलं' म्हणण्यात काही अर्थ नाही.

आणि जमलं तर पूर्ण वेगळ्या वाटेने येणारा पुरावा शोधा. मला लाइटबिल फार आवडतं. दिवसाला २१,६०० लिटर, मिनिटाला २०० लिटर, म्हणजे मोटर १०८ मिनिटं चालायला हवी. तीन हॉर्सपॉवरची मोटर धरली तर दिवसाला साधारण ४ ते ५ युनिट. सोसायटीच्या सामाईक मीटरवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवेही असतात, म्हणून मोटर लावायच्या आधी आणि बंद केल्यावर लगेच मीटर वाचा, तेवढ्या वेळात लिफ्ट कोणी वापरली असेल तर ती नोंद सोडून द्या. आकडा ४-५ च्या जागी ९ येत असेल तर मोटर आपल्या समजुतीपेक्षा दुप्पट चालते आहे. कुठे तरी गळती आहे, मोटर कमी पाणी चढवते आहे, किंवा माणशी १३५ लिटरचं आपलं गृहीतक तिथे लागू नाही. ज्याला आपण मॉडेलची चूक समजतो ती पुष्कळदा इमारतीची बातमी असते.

तुमचं मॉडेल सेक्रेटरींना आणि वॉचमनला मराठीत समजावून सांगा. एकही समीकरण न वापरता, टाकीजवळ उभं राहून. ज्या वाक्याशी तुम्ही अडखळाल तिथे तुम्हाला स्वतःलाच नीट कळलेलं नाही. आणि वॉचमन मध्येच म्हणेल, "पण रविवारी गाड्या धुतात ना." ही ओळ कुठल्याही शोधनिबंधात मिळाली नसती.

सहावी पायरी : आता साधनं

इथे थोडक्यात. साधा लॅपटॉप पुरतो. पुण्यात १९८८ साली सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली, १९९१ साली परम ८००० हा महासंगणक इथून पुढे आला, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण आपल्या टाकीला तो लागत नाही. हिशेबाच्या रूपासाठी पायथन किंवा ऑक्टेव्ह घ्या. ठोकळे जोडून काम करायला सायलॅबमधलं एक्सकॉस किंवा ओपनमोडेलिका. घटनांसाठी पायथनमधलं सिमपाय. अवस्था तपासायला न्यूएसएमव्ही किंवा स्पिन. पाइपांच्या जाळ्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एपानेट, रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी जर्मनीतून आलेलं सुमो. ही सगळी मोफत आहेत. एकेकच उघडा. पहिला प्रकल्प साध्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये केलात तरी कमीपणा नाही. उलट प्रत्येक ओळ डोळ्यांपुढे राहते, हा फायदाच.

सातवी पायरी : टाकीवरून शहराकडे

टाकी हातात बसली की तीच नजर घेऊन पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणावर जा. टेमघर, वरसगाव आणि पानशेत ही तीन धरणं वर, आणि तिन्हींचं पाणी खालच्या खडकवासल्यात येतं. चारही मिळून साठा सुमारे २९ टीएमसी, त्यात खडकवासल्याचा वाटा २ टीएमसीहून थोडा कमीच. म्हणजे साखळीतली शेवटची टाकी सर्वांत लहान. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, तेव्हा सुमारे ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) प्रवाह दिवसभर चालला की एक टीएमसी होतो. वरून सुमारे २३,००० क्युसेक येत राहिले तर पूर्ण रिकामं खडकवासलाही दिवसभरात भरेल, आणि ऐन पावसाळ्यात ते रिकामं नसतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये विसर्ग वाढवल्याच्या बातम्या झपाट्याने येतात आणि शहरातला नदीपात्रालगतचा सखल भिडे पूल पाण्याखाली जातो. इथे वॉचमनच्या जागी दरवाजे उघडण्याचा निर्णय आहे, इशाऱ्याच्या जागी घाटातला पाऊस, आणि उशीर अनेक ठिकाणी : पाऊस पडून पाणी धरणात यायला, विसर्ग शहरात पोहोचायला, नदीकाठच्या माणसाला सामान हलवायला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं बांधकाम चालू असलेलं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि शहरात पूर आला. जोडलेल्या प्रणालीत एका घटकाचं अपयश पुढच्या घटकापुढे त्याच्या कुवतीबाहेरचा प्रवाह आणून उभा करतं. हे वाक्य पुण्यात शिकवताना मला फळ्यावर आकृती काढावी लागत नाही. ज्यांच्या घरी त्या पुराच्या आठवणी अजून सांगितल्या जातात अशी मुलं वर्गात असतात. त्यांच्यासमोर हा विषय जबाबदारीने बोलावा.

खडकवासल्यालाच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात १९१६ सालची. तिथे नद्या, धरणं, बंदरं यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून खरं पाणी सोडून अभ्यास होतो. विद्यार्थ्यांना भेट देण्याची परवानगी मिळाली तर जरूर जा. 'मॉडेल' या शब्दाचा संगणकाआधीचा अर्थ तिथे हाताला लागतो. खोलीएवढ्या प्रतिकृतीत काय मोजायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय तिथेही घ्यावाच लागतो.

पाणी नको असेल तर बस घ्या. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या थांब्यावर अर्धा तास एकही बस येत नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन पाठोपाठ येतात. दर वेळी ड्रायव्हरची चूक नसते. एखादी बस जरा उशिरा झाली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमलेली असतात, ती चढायला वेळ लागतो, बस आणखी उशिरा होते. मागच्या बसला माणसं कमी मिळतात, ती भरभर येऊन पुढचीला गाठते. परिणाम उलट फिरून कारणावर होतो त्याला फीडबॅक म्हणतात. टाकीत फीडबॅक पातळी सावरत होता, इथे तोच फीडबॅक बिघाड वाढवतो. खिशात घड्याळ आणि वही असली की एका दिवसात एका मार्गाच्या नोंदी मिळतात. चौकातल्या रांगेसाठी जॉन लिटल यांचा १९६१ सालचा नियम घेऊन जा : सरासरी रांग = येण्याचा दर × सरासरी थांबणं. मिनिटाला २० वाहनं येत असतील आणि सरासरी ६० उभी असतील, तर प्रत्येकाची सरासरी ३ मिनिटं गेली. एकाही वाहनाचा पाठलाग न करता हे कळतं.

एक सावधगिरी. टाकीनंतर थेट 'स्मार्ट पुणे'कडे उडी मारू नका. दोन टाक्या करा, मग एक धरण, मग दोन धरणं. दर टप्प्याला अवस्थेत काय वाढलं ते लिहा.

आठवी पायरी : वाचन, माणसं, निबंध

वाचन कमी ठेवा पण पेन घेऊन करा. काल्मन यांची अवस्था, झाइगलर यांच्या घटना, कार्ल आडाम पेट्री यांची १९६२च्या प्रबंधातून आलेली जाळी, जे फॉरेस्टर यांची साठा-प्रवाहाची पद्धत : या चार वाटांपैकी एक निवडून सहा महिने तिच्यावर राहा. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसायची सवय लावा. मार्गदर्शक शोधताना विभागाच्या पाटीवर जाऊ नका. हा विषय गणितात, इलेक्ट्रिकलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, स्थापत्यमध्ये, अर्थशास्त्रातही विखुरलेला असतो. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत पावसाची मॉडेलं चालतात, तीही प्रणालीच.

या क्षेत्राची स्वतःची परिषद युरोकास्ट. १९८९ साली कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासला ती पहिल्यांदा भरली. पिख्लर यांच्यासोबत तिथले रोबेर्तो मोरेनो-दिआस हे तिचे आधारस्तंभ. त्यांनी तरुणपणी अमेरिकेत मेंदूशास्त्रज्ञ वॉरन मॅकलक यांच्याबरोबर मेंदूच्या पेशींच्या मॉडेलवर काम केलं होतं. साधारण दोन वर्षांनी ती भरते आणि निवडक निबंध स्प्रिंगरच्या संगणकशास्त्राच्या व्याख्यानमालेत छापले जातात. जायला जमेल न जमेल, पण जुन्या खंडांच्या अनुक्रमणिका चाळा. अवस्थायंत्रापासून यंत्रमानव, वाहतूक, प्रतिमा-ओळख आणि जीवशास्त्रापर्यंत पसारा दिसेल. त्यात तुमची टाकी कुठे बसते ते शोधा, आणि त्या विभागातले पाच निबंध मुळापासून पुन्हा करून बघा. छापलेला आलेख आपल्या संगणकावर तसाच येईपर्यंत सोडू नका. नाही आला तर लेखकाला सभ्य पत्र लिहा, उत्तरं येतात.

निबंध लिहिताना क्रम हाच ठेवा : प्रश्न, सीमा, अवस्था, निवडलेलं रूप आणि ते का निवडलं, तपासणी, निष्कर्ष. सीमेबाहेर काय ठेवलं ते पहिल्या दोन पानांत सांगा, शेवटी लपवू नका. जे जुळलं नाही त्याचाही आलेख द्या. आणि टाकीची मापं, वॉचमनची वही, मीटरच्या नोंदी, प्रोग्रॅम, पावलाचा आकार हे सगळं तारखांसकट एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत मार्गदर्शकांकडे द्या. वहीतून वॉचमनचं नाव मात्र आधी काढून टाका.